हाताने घडवलेल्या टेराकोटा टाइल्स, बडोद्यात, तळमजल्यावर: टाइल झकास, तो चमकणारा कोट मात्र नको

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. टाइलला पाचपैकी साडेचार. भट्टीवाल्या काकांना चार, माल उशिरा दिला पण दिला तो खरा. बसवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला तीन, तेही त्यांचे कडियाभाई, म्हणजे गवंडी, समजूतदार निघाले म्हणून. आणि टाइलच्या दुकानात तो ‘वेट लुक’वाला चकाचक सीलर, म्हणजे टाइलवर मारायचा चमकणारा कोट, गळ्यात मारतात ना, त्याला शून्य. नावं कुणाचीच टाकत नाही, काकांकडे तसंही ऑर्डरची रांग असते आणि बाकीच्यांना फुकट जाहिरात कशाला.

घर मांजलपूरमधलं जुनं टेनामेंट, तळमजला, खाली आपली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी. सिमेंटचा कोबा होता तो जागोजागी तडकला होता. हॉल, व्हरांडा आणि पुढचा ओटा एवढंच करायचं होतं. हॉलमध्ये जुनं सगळं फोडून, खाली जाड प्लास्टिकची शीट अंथरून वर नवं काँक्रीट टाकलं. व्हरांडा-ओट्याचा कोबा त्यामानाने बरा होता, तिथे नुसत्या भेगा भरून वरच काम केलं. हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे सीलरच्या गोष्टीत हाच फरक कामाला येतो.

टाइलच्या कारखान्यांचं मोरबी आपल्या राज्यात असताना मातीची टाइल कशाला, हे मला दिराने, शेजारच्या बेनने, प्लंबरने, सगळ्यांनी विचारून झालं. बरोबर आहे, व्हिट्रिफाइड स्वस्त, सपाट, डाग पडत नाही, एका दिवसात हॉल होतो. पण ती बाराशे डिग्रीच्या आसपास भाजलेली असते, जवळजवळ काचच झालेली, अर्धा टक्कासुद्धा पाणी घेत नाही. टेराकोटा हजार डिग्रीच्या आतबाहेर भाजतात, त्यामुळे आत बारीक बारीक पोकळ्या राहतात आणि ती पाणी पिते. किती पिते ते मी किचनच्या काट्यावर बघितलं, नऊ इंची टाइल कोरडी १ किलो ९०० ग्रॅम, रात्रभर बादलीत ठेवून पुसून परत ठेवली तर २ किलो १३०. म्हणजे बारा टक्के. आता हा दोष पण आहे आणि गुण पण आहे, ओल आत घेते तशी बाहेर पण सोडते, आणि मे महिन्यात पायाला जे वाटतं ते व्हिट्रिफाइडवर वाटत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी अनवाणी फिरून म्हणाल्या, “अगं, सारवलेल्या जमिनीवर चालल्यासारखं वाटतंय.” त्यांच्याकडून एवढी पावती म्हणजे खूप झालं.

खरेदीबद्दल. हाताने साच्यात थापलेली टाइल घ्यायला जाताना मशीनच्या टाइलची सवय घरी ठेवून जा. एकही टाइल दुसरीसारखी नसते, नऊ इंच म्हटलं तरी कुठे सूतभर कमी, कुठे कोपरा उचललेला, जाडी १८ ते २२ मिमी काहीही. रंग पण केशरीपासून पिवळट बदामीपर्यंत, ते मातीतल्या लोहावर आणि भट्टीत ती टाइल कुठे उभी होती, तिला हवा किती मिळाली त्यावर असतं. तुटलेल्या टाइलमध्ये मध्ये काळपट पट्टा दिसला तर घाबरू नका, आत हवा नीट पोचली नाही एवढाच त्याचा अर्थ, थोडा असला तर चालतो. पण अर्धी जाडी काळी असेल तर घाईघाईत भाजलेला माल. बोटाच्या पेराने वाजवून बघायची, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर तडा आहे नाहीतर कच्ची आहे. आमच्याकडच्या बऱ्याचशा खणखणीत होत्या, बद्दवाल्या काकांनी काही न बोलता बदलून दिल्या. एकीवर कुत्र्याच्या पिल्लाचा पाय उमटलेला होता, वाळत घातलेली असताना चालून गेलं असणार, काका ती बाजूला टाकत होते, मी उचलून आणली.

अजून एक गोष्ट जी कुठलाच दुकानदार सांगत नाही. मातीत चुनखडीचे खडे राहिले असतील तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, आणि मग तो हवेतली ओल खाऊन फुगतो आणि टाइलचा वरचा टवका उडवतो, मध्ये पांढरा ठिपका दिसतो. हे भट्टीतून काढल्यावर लगेच होत नाही, कधी आठवड्याने, कधी पहिल्या पावसात. म्हणून बसवायच्या आधीच सगळ्या टाइल्स रात्रभर पाण्यात बुडवून परत सावलीत उभ्या करून ठेवायच्या, ज्यांना उडायचंय त्या तेव्हाच उडतात. आमच्या थोड्या गेल्या. यासाठीच मोजून जेवढ्या लागतात त्याच्या वर दहा टक्के तरी घ्या, मी पंधरा सांगेन.

आता बसवणं. सगळ्यात जास्त डोकं इथे गेलं. कॉन्ट्रॅक्टरची टीम आयुष्यभर व्हिट्रिफाइड बसवणारी, त्यांना दोन मिमीचे स्पेसर आणि लेव्हलच्या क्लिपा एवढंच माहीत. पहिली टाइल हातात घेतल्यावर कडियाभाईंनी ती उलटीसुलटी केली आणि म्हणाले, “बेन, आ तो बधी वांकी छे.” हो भाई, वांकडीच आहे, तशीच घेतलीय. मग त्यांना समजावलं की सांधा १० ते १२ मिमीचा ठेवायचा, टाइलमधला कमीजास्तपणा त्या सांध्यात जिरवायचा, प्लास्टिकचे स्पेसर फेकून द्यायचे आणि दोरी बांधून डोळ्याने लाइन धरायची. काटकोनाला गुण्या लावायचा तो खोलीला, प्रत्येक टाइलला नाही, नाहीतर वेड लागेल. एक लाइन बिघडली की पुढच्या तीन ओळींत हळूहळू सुधारायची. हे त्यांना पहिल्या दिवशी पटलं नाही, दुसऱ्या दिवशी पटलं, तिसऱ्या दिवशी ते मलाच शिकवायला लागले.

आणि सगळ्या खोक्यांतल्या टाइल्स आधी मिसळा. एकाच खोक्यातल्या सलग लावल्या की हॉलमध्ये एक केशरी पट्टा आणि एक पिवळा पट्टा दिसतो, तो मग कायमचा. आम्ही हॉलमध्ये कोरड्याच अंथरून बघितल्या, नवरा सोफ्यावर उभा राहून वरून फोटो काढत होता आणि “ती बदामी डावीकडे, नाही नाही, तुझी डावी” असं करत होता, अर्धा दिवस त्यात गेला पण गेला तर गेला.

एक टप्पा नाही म्हणजे नाहीच चुकवायचा, कोरडी टाइल सिमेंट-रेतीच्या ओल्या मालावर ठेवायची नाही. ती मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही, आणि वर्षभराने टाइल पोकळ वाजायला लागते. त्यामुळे बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात, मग बाहेर काढून उभी करून ठेवायची, वरचं पाणी निथळलं आणि चकाकी गेली की मग बसवायची. माल आम्ही एकास चार, रेती चाळून. टाइलच्या पाठीला पण सिमेंटची स्लरी थापीने लावून मग ठोकायची, रबरी हातोडीने, जोरात नाही. भिंतीकडून सगळीकडे बोटभर जागा सोडलेली आहे, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आपल्याकडची काळी माती बघता फ्लोअरला हलायला जागा हवीच, भिंतीला घट्ट भिडवली की कुठेतरी मधे उचलली जाते. ओट्याला बाहेरच्या बाजूला ढाळ दिला.

कॉन्ट्रॅक्टरला तीनच मार्क का, ते पण सांगते. टाइल बसवून झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस मोझेक घासायचं मशीन घेऊन हजर! “मशीन मारी दईए, एकदम चकाचक थई जशे.” मी दारातच अडवलं. हाताने घडवलेल्या टाइलची वरची कातडी थापताना दाबलेली असते, तीच जरा घट्ट असते, ती घासून काढली की आतला भुसभुशीत भाग उघडा पडतो आणि मग तो दुप्पट डाग धरतो. त्यांनी ऐकलं म्हणून तीन. दोन मार्क कापले ते यासाठी की रोज पाइप सोडून फ्लोअर तुडुंब करायची त्यांना सवय. सिमेंटला पाणी मारायचं असतं ते बरोबर, पण इथे हलकं शिंपडून वर प्लास्टिक झाकलं तरी पुरतं, तुडुंब पाण्यामुळे खालचे क्षार विरघळून वर येतात आणि लोणा फुटतो, म्हणजे पांढरी भुकटी वर येते. व्हरांड्यात फुटलाच.

ग्राउटच्या, म्हणजे सांध्यात भरायच्या मसाल्याच्या, आधी सीलरचा एक पातळ हात. हे ऐकून सगळे हसले, पण हे नसेल केलं तर ग्राउटचं सिमेंट टाइलच्या छिद्रात शिरतं आणि सगळ्या फ्लोअरवर राखाडी धुकं बसतं जे निघत नाही. मग लोक काय करतात, ॲसिड आणतात. ॲसिड ग्राउट खातं, स्वतः नवीन क्षार मागे सोडतं, आणि टाइलवर पिवळे डाग येतात ते वेगळेच. तेव्हा बसवून आठवडाभर वाळू दिलं, मग छिद्रात मुरणाऱ्या सीलरचा एक हात फक्त टाइलच्या तोंडावर ब्रशने दिला, कडांना लागू द्यायचा नाही कारण ग्राउटला धरायला कड हवी. ग्राउट साधंच, सिमेंट आणि बारीक चाळलेली रेती, थोडा लाल-तपकिरी ऑक्साइड. एवढ्या रुंद सांध्यात बाजारातलं बिनरेतीचं बारीक ग्राउट भरलं तर आकसून फाटतं. पांढरं ग्राउट तर विसराच, दिवाळीपर्यंत काळं. भरल्या भरल्या ओल्या स्पंजने पुसत जायचं, उद्यावर ठेवायचं नाही.

यानंतर थांबणं. कुणाला थांबायचं नसतं, सगळ्यांना फर्निचर आत घ्यायचं असतं. पण ओली टाइल सील केली की सगळी मेहनत पाण्यात. कोरड्या हवेत तीन-चार आठवडे तरी, पावसाळ्यात तर हे काम काढूच नका, होळीनंतर काढा. कोरडी झाली का बघायचं तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी आतून दमट दिसला तर अजून थांबा. हॉल लवकर पास झाला, खाली शीट होती ना. व्हरांडा नापास, नापास, नापास. लोणा आला तो कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, धुवायचा नाही, धुतला की परत आत जातो आणि वाळल्यावर परत वर. झाडत राहिलं की कमी कमी होत जातो.

आता सीलर, मुख्य भांडण.

दुकानदाराचं म्हणणं, ॲक्रिलिकचा चमकणारा कोट घ्या, दोन हात मारा, रंग खुलतो, पुसायला सोपं. दुकानात सॅम्पल बघितलं तर खरंच सुंदर दिसतं, खोटं नाही. पण ते सॅम्पल शोकेसमध्ये उभं असतं, त्याच्याखाली काळी माती नसते. हा कोट टाइलच्या वर पापुद्र्यासारखा बसतो. तळमजल्यावर खालून ओल येते, ती आतापर्यंत टाइलमधून उडून जात होती, आता ती पापुद्र्याखाली अडकते. आधी दुधाळ ढग दिसतात, मग कोट सुटायला लागतो, मग तो खरवडायला केमिकल आणा आणि पहिल्यापासून सुरू. माझ्या नणंदेच्या कारेलीबागेतल्या घरी अंगणाकडच्या खोलीत नेमकं हेच झालंय, भिंतीकडची दोन फूट पट्टी पांढरी पडलीय. शिवाय ओल्या पायाने घसरतं. घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस असेल तर एवढं एकच कारण पुरे.

मी तीन फालतू टाइल्स घेऊन पावसाळाभर व्हरांड्याच्या कोपऱ्यात मातीवर ठेवल्या होत्या, एकीवर हा चमकवाला कोट, एकीवर आत मुरणारा, एकीवर जवसाचं तेल आणि मेण. चमकवाली ऑगस्टमध्ये ढगाळली. मुरणारीवर काहीच दिसत नव्हतं, दिसायला कोरीच वाटते, पण पाण्याचा थेंब टाकला तर गोळा होऊन बसतो. तेलवाली रंगाने सगळ्यात देखणी, गडद, मऊ, पण सतत ओल असलेल्या बाजूने तिच्यावर काळे बुरशीचे ठिपके आले. त्यावरून ठरवून टाकलं, व्हरांडा आणि ओट्याला फक्त आत मुरणारा सीलर, दोन हात, पहिला वाळायच्या आत दुसरा नाही. आणि हॉलला, जिथे खालून ओल बंद आहे, तिथे तेल-मेण.

तेलाबद्दल नीट लिहिते कारण यात धोका आहे. पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड (जवसाचंच तेल) मागायचं, घाण्याचं कच्चं अळशीचं तेल नाही, ते वाळायला फार वेळ घेतं, चिकटच राहतं. पहिला हात अर्धं तेल अर्धं टर्पेंटाइन करून, म्हणजे खोल मुरतं, पुढचे हात जरा घट्ट. लावून पंधरा-वीस मिनिटांनी जे वर राहिलंय ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून काढायचं, जास्त ठेवलं तर जास्त चांगलं होत नाही, धूळ चिकटते. दोन हातांमध्ये एक दिवस. शेवटी मधमाशीच्या मेणाचं पॉलिश पातळ लावून फडक्याने घासायचं. वास चांगला आठ-दहा दिवस राहतो, दम्याचं कुणी असेल तर त्यांना तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा. आणि ती तेलाची फडकी! ती गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्यात उष्णता निघते, बोळा करून ठेवला तर ती आत साठत जाते आणि काडी न लावता फडकी पेट घेऊ शकतात. त्यात आपल्याकडचा मे महिना. दोरीवर मोकळी पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. आमच्या रंगवाल्याला हे माहीत नव्हतं, फडकी पिशवीत भरून स्कूटरच्या डिकीत टाकत होता.

वापराचा अनुभव. रोजचं म्हणाल तर मऊ झाडू आणि घट्ट पिळलेला पोछा, बस. मावशींना फिनाइल आणि ती टॉयलेटची ॲसिडवाली बाटली या फ्लोअरसाठी बंद केलीय, त्या आधी रुसल्या कारण फिनाइलचा वास नाही म्हणजे पुसलंच नाही असं त्यांचं मत, आता कोमट पाण्यात दोन थेंब साधा लिक्विड साबण चालतो. मेण वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, जिथे चालण्याची वाट पडते तिथेच. व्हरांड्यात थेंबाचा गोळा व्हायचा बंद झाला, पाणी लगेच शोषलं गेलं, की सीलरचा हात द्यायची वेळ आली.

डाग पडतात. जे म्हणतात पडत नाहीत ते विकणारे आहेत. गणपतीत समईचं तेल सांडलं तर लगेच टिपून वर मुलतानी मातीचा घट्ट लेप, वाळला की झाडून टाका, दोनदा केलं की बहुतेक ओढून घेतो. हळदीला घाबरू नका, ऊन येणाऱ्या जागी ती आपोआप उडते, हळदीचा रंग उन्हात टिकतच नाही. कुंकू मात्र ओलं सांडलं तर बसलं. रांगोळी ओट्यावर रोज असते, कोरडी असेल तर काही होत नाही, पाण्याने धुण्याआधी झाडून घ्या एवढंच. सगळ्यात वाईट म्हणजे कुंड्या, कुंडीखाली ओल राहते आणि पांढरं वर्तुळ उठतं, तेव्हा पायाच्या स्टँडवरच ठेवा, खालून हवा गेली पाहिजे. हिंचक्याच्या पायांना रबर लावलं, लोखंडाचा गंज एकदा टाइलमध्ये उतरला की संपलं. जड पातेलं पडलं तर टवका उडतो, उडाला एक, बघवत नाही पण आत पण तोच रंग असल्यामुळे व्हिट्रिफाइडसारखा खड्डा डोळ्यात भरत नाही.

खर्चाचं म्हणाल तर टाइल स्वतः काही डोळे फिरवणारी महाग नाही, पण मजुरी जवळपास टाइलच्या किमतीला जाऊन भिडते, कारण कडिया दिवसाला व्हिट्रिफाइडच्या निम्मंसुद्धा काम करू शकत नाही, आणि सीलर, तेल, मेण, थांबलेले आठवडे हे वेगळं. भाड्याच्या घरात लावू नका. किचन आणि बाथरूममध्ये लावू नका, मला कितीही आवडत असली तरी तेल आणि साबणाच्या जागी मोरबीच बरी. ज्यांच्याकडे नदीकाठाला दर दोन-तीन वर्षांनी पाणी घुसतं त्यांनी पण विचार करा, ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर घरं वाळायला किती वेळ लागला ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि ही टाइल तर गाळाचं पाणी आत घेणार.

उरलेल्या टाइल्स कुणाला देऊन टाकू नका, गच्चीवर पण टाकू नका, घरात कोरड्या जागी ठेवा. एखादी बदलायची वेळ आली तर काका परत बनवून देतील, पण पुढच्या भट्टीचा रंग या भट्टीशी जुळणार नाही, हे त्यांनी स्वतःच आधी सांगितलंय.